लॅपटॉपवर चालतं, दुकानात चालत नाही: आधी फॉरमॅट मारू नका

तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

लालबागला तुमच्या मावशीचं मसाल्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक मिरची, धणे, गरम मसाला निवडतं, भाजून-कुटून द्यायला सांगतं आणि ठरलेल्या तारखेला येऊन घेऊन जातं. कोणाची किती किलो मिरची, आगाऊ किती दिले, माल कधी द्यायचा, हे सगळं आजवर वहीत होतं. तुम्ही त्यासाठी व्हीबी डॉट नेट या भाषेत सॉफ्टवेअर केलंत आणि मागे अॅक्सेस या ऑफिसमधल्या डेटाबेसची एसीसीडीबी फाइल ठेवलीत. तुमच्या लॅपटॉपवर ते झकास चालतं. दुकानातल्या पीसीवर डेटाबेस उघडायच्या वेळीच मेसेज येतो की मायक्रोसॉफ्ट एस ओएलईडीबी १२.० हा प्रोव्हायडर (एस म्हणजे एसीई, अॅक्सेसचं इंजिन; प्रोव्हायडर म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातला दुवा) ‘इज नॉट रजिस्टर्ड ऑन द लोकल मशीन’, म्हणजे या मशीनवर नोंदलेलाच नाही. तुम्ही ६४ बिटचं अॅक्सेस डेटाबेस इंजिन टाकायला गेलात (३२ आणि ६४ बिट या विंडोजच्या प्रोग्रामांच्या दोन जाती), तर त्याने सांगितलं की इथे ३२ बिटचं ऑफिस आहे, मी बसणार नाही. आता कोणीतरी सल्ला दिलाय की विंडोज फॉरमॅट मारा, नवं ऑफिस टाका. आणि कांडपाचा सीझन तोंडावर आहे.

फॉरमॅट मारू नका. त्या पीसीत काही बिघडलेलं नाही. लॅपटॉपवरचं ऑफिस २०२१ हे ६४ बिटचं आणि दुकानातलं २०१०चं ३२ बिटचं, एवढं तुम्ही स्वतःच लिहिलंय. निम्मं उत्तर त्यातच आहे.

पण माझ्या मते तुमचा प्रश्न थोडा उलटा पडलाय. ‘दुकानातल्या पीसीवर काय कमी आहे?’ असं तुम्ही विचारताय. मी विचारीन, ‘माझ्या लॅपटॉपने माझ्या नकळत या प्रोग्रामला काय काय पुरवलं?’ ज्या मशीनवर प्रोग्राम लिहिला जातो ते मशीन सगळ्यात लबाड साक्षीदार. त्यावर व्हिज्युअल स्टुडिओ, म्हणजे प्रोग्राम लिहायचं साधन, असतं, ऑफिस असतं, कधीतरी टाकून विसरलेले दहा-वीस घटक असतात, तुम्ही स्वतः अॅडमिनिस्ट्रेटर असता. प्रोग्राम या सगळ्यांच्या उसनवारीवर चालतो आणि आपण म्हणतो, चालला.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. साधारण २००२ साली मस्जिद बंदरच्या एका सुकामेव्याच्या पेढीसाठी व्हीबी ६मध्ये स्टॉकचा प्रोग्राम केला होता. सीडीवर एक्सई (प्रोग्राम) आणि एमडीबी (अॅक्सेसचा जुन्या पद्धतीचा डेटाबेस) अशा दोनच फाइली घेऊन गेलो. शेठजी, त्यांचा मुलगा, दोन मुनीम मागे उभे. डबल क्लिक केलं आणि मेसेज आला की एमएसफ्लेक्सग्रिड या तक्ता दाखवणाऱ्या घटकाची ओसीएक्स फाइल किंवा तिला लागणारं काहीतरी नीट रजिस्टर झालेलं नाही. मी नेहमीचंच वाक्य बोललो, ‘माझ्याकडे चालतं हो.’ शेठजी शांतपणे म्हणाले, ‘मग तुमच्याकडेच चालवा ना.’ परत जाताना लोकलमध्ये दुसरं काही सुचत नव्हतं. पुढच्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडवरून एक जुना पीसी उचलला. त्यावर नुसतं विंडोज, बाकी काही नाही. त्या कोऱ्या मशीनवर चालल्याशिवाय एकही सीडी घराबाहेर नेली नाही.

आता तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते बघू.

विंडोजमध्ये ३२ बिटचा प्रोग्राम स्वतःच्या पोटात फक्त ३२ बिटच्या डीएलएल (प्रोग्रामला जोडून चालणाऱ्या मदतनीस फाइली) घेऊ शकतो, ६४चा फक्त ६४च्या. यात मधला मार्ग नाही. आणि ओएलईडीबी प्रोव्हायडर हा अशीच एक डीएलएल असतो, तो तुमच्या प्रोग्रामच्या पोटातच चालतो. तो बाहेर वेगळा चालणारा सर्व्हर नव्हे. म्हणून मशीनवर प्रोव्हायडर आहे की नाही एवढं विचारून भागत नाही, तुमच्या प्रोग्रामच्या जातीचा आहे का, हे विचारावं लागतं. दुकानातल्या पीसीवर ३२ बिटच्या ऑफिसबरोबर आलेलं एसचं इंजिन बहुधा आहे. पण तुमचा प्रोग्राम तिथे ६४ बिट म्हणून सुरू होतोय. ६४च्या यादीत त्याला ते सापडत नाही आणि मेसेज येतो की रजिस्टर्ड नाही. मेसेज खरा आहे, फक्त अर्धवट आहे. ‘तुझ्या बाजूला रजिस्टर्ड नाही’ असं म्हटलं असतं तर जगातले हजारो तास वाचले असते.

प्रोग्राम ६४ बिटचा आहे हे मी अंदाजाने म्हणतोय, कारण तुमच्या लॅपटॉपवर तो ६४ बिटच्या ऑफिसच्या जिवावर चालतोय. पण अंदाजावर राहू नका. प्रोग्राम सुरू करा, डेटाबेसचा मेसेज आला तरी बंद करू नका. टास्क मॅनेजर उघडून डीटेल्समध्ये जा, वरच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘प्लॅटफॉर्म’ हा कॉलम लावून घ्या. तुमच्या एक्सईसमोर ३२ की ६४ ते दिसेल. ऑफिसचं बघायचं असेल तर एक्सेल उघडून फाइल मेनूतल्या मदतीच्या किंवा अकाउंटच्या पानावर आवृत्तीशेजारी बिट लिहिलेले असतात. ही दोन उत्तरं कागदावर लिहून मगच पुढे जा.

व्हिज्युअल स्टुडिओत प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपाइलच्या भागात प्लॅटफॉर्म टार्गेट म्हणून ‘एनी सीपीयू’ दिसेल. एनी सीपीयूचा अर्थ ‘कुठेही चालेल’ असा वाटतो. प्रत्यक्षात अर्थ असा की जसं विंडोज तसा मी. ६४ बिटच्या विंडोजवर, शेजारची ‘प्रेफर ३२ बिट’ची खूण नसेल तर, तो ६४ होतो. तिथे ‘एक्स८६’, म्हणजे ३२ बिट, निवडा, पुन्हा बिल्ड करा आणि रिलीजची एक्सई दुकानात न्या. माझा अंदाज बरोबर असेल तर दुकानात प्रोग्राम उघडेल आणि त्याच दिवशी तुमच्या लॅपटॉपवर बंद पडेल. दचकू नका. तोच मेसेज आता लॅपटॉपवर आला तर निदान पक्कं झालं असं समजा.

इथे एक प्रामाणिक कबुली. हा उपाय दुकानातल्या आजच्या ऑफिसवर अवलंबून आहे. उद्या कोणी तिथे नवं ऑफिस टाकलं तर ते बहुधा ६४ बिटचं असेल, कारण ऑफिस २०१९पासून न विचारता तेच बसतं. मग हेच रडगाणं उलट्या दिशेने सुरू. मुळात दुकानाच्या हिशेबाने ऑफिसच्या कुबड्यांवर उभंच का राहावं? म्हणून तुमच्यासाठी माझी पसंती वेगळी आहे.

तुमची फाइल अॅक्सेसमध्ये ‘सेव्ह अॅज’ करून एमडीबी करा, २००२-२००३ची पद्धत निवडून. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडमधल्या डेटाबेसला जोडणाऱ्या ओळीत, एसच्या जागी मायक्रोसॉफ्ट जेट ओएलईडीबी ४.० लिहा आणि टार्गेट एक्स८६च ठेवा. जेट हे अॅक्सेसचं जुनं इंजिन विंडोजबरोबरच येतं, अगदी १० आणि ११मध्येसुद्धा, आणि ते फक्त ३२ बिटमध्येच आहे, ६४चं कधी आलंच नाही. त्यामुळे ऑफिस कुठलंही असो, नसो, तुमचा प्रोग्राम चालेल आणि काही इन्स्टॉल करावं लागणार नाही. लॅपटॉपवरही चालेल. जेट म्हातारं आहे हे मान्य, त्यात नवं काही येणार नाही. पण अॅक्सेस २०००पासून ते युनिकोड साठवतं, मराठी नावं नीट राहतात, आणि मिरचीच्या ऑर्डरींना त्याहून जास्त काही लागत नाही. एसीसीडीबीत तुम्ही अटॅचमेंटचं किंवा एकाच रकान्यात अनेक मूल्यांचं फील्ड केलं असेल तर एमडीबीत ते बसणार नाही, आधी ते काढावं लागेल.

वेळ असता तर मी एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसवर जा म्हटलं असतं. ते इंजिन प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच बरोबर नेता येतं, मशीनवर काही रजिस्टर करावं लागत नाही. पण त्यासाठी तुमच्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञा, तपासाव्या लागतील, आणि सीझनच्या तोंडावर हा खेळ करू नये. गणपतीनंतर करा.

आणि एक करू नका. इंटरनेटवर तुम्हाला युक्ती सापडेल की ६४चं इंजिन कमांड लाइनवरून ‘क्वाएट’ किंवा ‘पॅसिव्ह’ लावून टाकलं की ते ३२च्या ऑफिसशेजारी गुपचूप बसतं. बसतं खरं. पण नंतर एक्सेल उघडलं की ऑफिस दर वेळी स्वतःला कॉन्फिगर करत बसलेलं मी पाहिलंय. मावशींच्या पीसीवर जीएसटीचं काम करणारे जे कोणी असतील ते तुमच्या नावाने बोटं मोडतील.

एसवरच राहायचं ठरवलंत तर आणखी दोन गोष्टी बघा. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये कुठे १६.० लिहिलेलं राहिलं असेल तर २०१०च्या ऑफिसला ते नावच माहीत नाही, १२.० लिहा. आणि नव्या अॅक्सेसमधला ‘लार्ज नंबर’सारखा फील्डचा प्रकार वापरला असेल तर जुनं इंजिन फाइल ओळखायलाच नकार देतं. मग मेसेज बदलतो, ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ असा काहीतरी येतो, आणि माणूस फाइल करप्ट झाली म्हणून रडत बसतो.

मशीनवर कुठले प्रोव्हायडर आहेत ते बघायला मी एक छोटं हत्यार पेनड्राइव्हवर ठेवतो. डॉट नेटमध्ये ओएलईडीबी एन्युमरेटर नावाचा क्लास आहे. त्याची गेट एलिमेंट्स ही मेथड बोलावली की प्रोव्हायडरांची यादी मिळते. दहा ओळींचा प्रोग्राम, एकदा एक्स८६ म्हणून बिल्ड केलेला, एकदा एक्स६४ म्हणून. दोन एक्सई, दोन याद्या. दुकानात गेल्यावर दोन्ही शेजारी शेजारी उघडायच्या. एका यादीत जेट आणि एस, दुसरीत दोन्ही गायब, हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की ३२-६४चा घोळ पुन्हा कधी विसरणार नाही. ओडीबीसी, म्हणजे डेटाबेसला जोडायची दुसरी पद्धत, वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवायची गंमत म्हणजे ६४ बिटच्या विंडोजवर सिस्टिम३२ फोल्डरमधलं ओडीबीसीचं साधन ६४चं असतं आणि सिसवाऊ६४मधलं ३२चं. नावं उलटी का, त्याला इतिहास आहे, आत्ता त्यात शिरत नाही.

तर पहिला अडथळा हा. पण तो ओलांडलात की दुसरा येणार, म्हणून तोही आत्ताच सांगतो. सॉफ्टवेअर दुकानात बसवताना एकच चूक सापडली म्हणजे संपलं असं सहसा होत नाही, पहिली चूक दुसरीला झाकून बसलेली असते.

दुसरा अडथळा फाइलच्या जागेचा. तुमच्या कोडमध्ये सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, डेस्कटॉप असा रस्ता कुठे लिहिलेला नाही ना, ते शोधा. तो रस्ता दुकानात नसतो. हे सोपं. अवघड प्रकार प्रोग्राम फाइल्स फोल्डरचा. विंडोज व्हिस्टापासून साध्या लॉगिनला तिथे लिहिता येत नाही. डेटाबेस एक्सईशेजारी प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवलात तर वाचता येईल, पण सेव्ह करताना ‘ऑपरेशन मस्ट यूज अॅन अपडेटेबल क्वेरी’ असा मेसेज येईल आणि तुम्ही चार तास क्वेरी दुरुस्त करत बसाल. क्वेरीचा काही दोष नसतो. अॅक्सेसची फाइल उघडली की शेजारी एक कुलुपाची छोटी फाइल तयार होते, एलडीबी किंवा एलएसीसीडीबी. म्हणून नुसत्या डेटाबेस फाइलला परवानगी देऊन भागत नाही. फोल्डरमध्ये फाइल बनवायची आणि पुसायची परवानगी लागते.

जुन्या व्हीबी ६च्या प्रोग्रामात तर याहून वाईट होतं, कारण तिथे मेसेजच येत नाही. गिरगावातल्या एका दवाखान्यात माझाच प्रोग्राम होता. नवा पीसी आला, मी जुनं फोल्डर जसंच्या तसं प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवून आलो. महिन्याभराने डॉक्टरांचा फोन. सकाळच्या बाईंनी नोंदवलेले पेशंट संध्याकाळच्या बाईंना दिसत नाहीत आणि संध्याकाळचे सकाळी दिसत नाहीत. दोघी एकमेकींवर चिडलेल्या. एकीला वाटे दुसरी नोंदी पुसते. प्रकार असा होता की दोघींची विंडोजची लॉगिन वेगळी होती. जुन्या प्रोग्रामची अडचण होऊ नये म्हणून विंडोज लिहू न देण्याऐवजी त्या लॉगिनच्या अॅपडेटाखाली व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये फाइलची वेगळी प्रत करून देतं आणि पुढे त्याच प्रतीवर काम चालू ठेवतं. म्हणजे दवाखान्यात दोन बायकांचे दोन डेटाबेस महिनाभर गुपचूप वाढत होते. प्रोग्राम फाइल्समधली मूळ फाइल बसवल्या दिवशी होती तशीच. दोन रविवार लावून मी ते डेटाबेस हाताने एकत्र केले, पैसे अर्थात घेतले नाहीत.

तुमचा प्रोग्राम डॉट नेटचा असल्यामुळे बहुतेक हे होणार नाही, तो सरळ मेसेज देईल. तरीही डेटाबेस वेगळा ठेवा. एकाच पीसीचं दुकान आहे, तर डी ड्राइव्हवर दुकानाच्या नावाचं फोल्डर करा, रस्ता कोडमध्ये न लिहिता सेटिंगच्या फाइलमध्ये लिहा, आणि प्रोग्राम सुरू होताना तो रस्ता पडद्याच्या खालच्या पट्टीत बारीक अक्षरात दाखवा. ही शेवटची सवय मला त्या दवाखान्याने लावली. कुठली फाइल उघडली आहे हे फोनवर विचारता येतं आणि समोरचा माणूस वाचून दाखवू शकतो.

याच संदर्भात एक खास व्हिज्युअल स्टुडिओचा चकवा. डेटाबेस फाइल प्रोजेक्टमध्ये घातलीत की तिच्या प्रॉपर्टीत ‘कॉपी ऑलवेज’ असू शकतं. मग प्रत्येक बिल्डला कोरी फाइल जुन्यावर येऊन बसते आणि काल टाकलेल्या नोंदी आज गायब. लॉजिकमध्ये चूक शोधू नका, तिथे ‘डू नॉट कॉपी’ करा. आणि दुकानात नवी आवृत्ती नेताना फक्त एक्सई आणि तिच्या डीएलएल न्या. अख्खं फोल्डर वर टाकलंत तर तुमच्या चाचणीतली ‘अबक’ आणि ‘टेस्ट टेस्ट’ नावाची गिऱ्हाइकं मावशींच्या खऱ्या ऑर्डरींवर जाऊन बसतील.

तिसरा अडथळा तारखांचा. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण यात प्रोग्राम बंद पडत नाही, खोटं बोलतो. तुम्ही क्वेरीत तारीख अशी जोडली असेल, की टेक्स्टबॉक्समधला मजकूर घेतला, दोन्ही बाजूंना हॅशचं चिन्ह लावलं, दिलं ढकलून. जेट आणि एस या दोघांनाही हॅशमधली तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस, अशी वाचायची सवय आहे. पीसी भारतीय पद्धतीवर लावलेला असला तरी. आता ०५-०४ म्हणजे तुमच्यासाठी ५ एप्रिल, त्याच्यासाठी ४ मे. गिऱ्हाईक ५ एप्रिलला गोणी घ्यायला येतं आणि यादीत ते नाहीच. आणि कहर म्हणजे १३-०४ टाकलंत तर तेरावा महिना नसतो म्हणून ते इंजिन स्वतःच समजूतदारपणे १३ एप्रिल वाचतं. म्हणजे महिन्याच्या १३ तारखेपासून सगळं बरोबर आणि पहिल्या १२ दिवसांत गोंधळ. तुम्ही २० तारखेला चाचणी केलीत तर काहीच सापडणार नाही. तुमच्या लॅपटॉपचं रीजन अमेरिकेचं राहिलं असेल, नवीन लॅपटॉपवर बऱ्याचदा राहतं, तर तिथेही सापडणार नाही.

यावर एकच औषध, क्वेरीत तारीख मजकूर म्हणून जोडायचीच नाही, पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्वेरीला वेगळं मूल्य म्हणून, द्यायची. ओएलईडीबीत पॅरामीटर नावाने ओळखले जात नाहीत, क्रमाने ओळखले जातात, हे विसरू नका, नाहीतर वजनाच्या जागी तारीख जाईल. पॅरामीटर केलेत की ‘डि’सूझा’ असं मध्ये अवतरणचिन्ह असलेलं नाव टाकल्यावर जो एसक्यूएलचा मेसेज येतो तोही आपोआप थांबतो. कोड दुरुस्त केल्यावर दुकानात मुद्दाम ५ तारखेची एक ऑर्डर टाका आणि फाइल उघडून महिना बघा.

मराठी अक्षरांचं थोडक्यात सांगतो. युनिकोडमध्ये टाइप केलं असेल तर डॉट नेटला अडचण नाही. पण मावशींच्या जुन्या याद्या कोणी श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केल्या असतील आणि तुम्ही त्या तशाच उचलल्या असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या पीसीवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. डेटाबेस बिघडलेला नसतो. एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

काही गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत आणि त्यांवर उत्तर बदलू शकतं. दुकानातलं विंडोज ७ असेल तर डॉट नेटची तुम्ही वापरलेली आवृत्ती तिथे आहे का, हे आधी बघावं लागेल. १० आणि ११वर फ्रेमवर्क ४.८ बहुधा असतंच. पण तुम्ही नव्या डॉट नेटमध्ये, म्हणजे ६, ८ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत केलं असेल तर त्याचा रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारा संच, वेगळा टाकावा लागतो, आणि तोही एक्स८६चा, नाहीतर प्रोग्राम बरोबर घेऊन जाईल असा पब्लिश करावा लागतो. पावती छापायला क्रिस्टल रिपोर्ट्स वापरलं असेल तर त्याचा रनटाइमही असाच जातीचा लागतो. आणि उद्या गल्ल्यावर दुसरा पीसी आला, दोघांनी एकच फाइल उघडायची ठरली, तर निदान वायफायवर ते करू नका. अॅक्सेसची फाइल वायफायवरून उघडली आणि मध्येच जोडणी तुटली की फाइल करप्ट होण्याचा धोका खरा आहे. केबल टाका, किंवा त्या टप्प्यावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसचा विचार करा. आज नको.

तुमच्याकडे जुना कोरा पीसी नसेल तर तो विकत घ्यायची आता गरज नाही. विंडोज १० किंवा ११ प्रो असेल तर ‘विंडोज सँडबॉक्स’ नावाची सोय आत आहे, विंडोज फीचर्समध्ये जाऊन चालू करावी लागते. दर वेळी कोरं विंडोज उघडतं, बंद केलं की सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ती नाही, मग एखाद्या मित्राचा लॅपटॉप मागा, ज्याने व्हिज्युअल स्टुडिओचं तोंडही पाहिलेलं नाही असा. वाणिज्य शाखेचा मित्र यासाठी उत्तम. सँडबॉक्समध्ये ऑफिस नसतं. जेट आणि एक्स८६वाली एक्सई तिथे एमडीबी उघडून एक नोंद सेव्ह करू शकली, तर दुकानात ती डेटाबेसपाशी अडण्याचं कारण फारसं उरत नाही.

कोडमध्ये एक बदल मात्र आजच करा. तुमच्या कोडमधल्या चुका पकडणाऱ्या ट्राय-कॅचमध्ये ‘समथिंग वेंट राँग’ किंवा ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ असलं काही असेल तर काढून टाका. एक्सेप्शनचा पूर्ण मजकूर, आतलं इनर एक्सेप्शन, प्रोग्राम ३२ की ६४, डेटाबेसचा रस्ता आणि वेळ, हे सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. पडद्यावर मावशींना समजेल अशी एक मराठी ओळ दाखवा. ‘एरर आली’ असं सांगणारा फोन आणि त्या फाइलचा व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो, यात लालबागची एक फेरी वाचते.

दुकानात जाल तो दिवस नीट निवडा. शनिवार-रविवार तिथे चालायला जागा नसते, मावशी तुमच्याकडे बघणारही नाहीत. मधल्या वारी सकाळी दुकान उघडायच्या आधी जा. पेनड्राइव्हवर नवी एक्सई, एमडीबी, ती दोन यादीवाली हत्यारं. मावशींच्याच रोजच्या लॉगिनमध्ये चालवा, ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ करून नाही. अॅडमिनिस्ट्रेटरने चाललं आणि तुम्ही खूश होऊन निघालात, की दादरला पोहोचायच्या आत फोन येतो. एक ऑर्डर टाका, पावती छापा, पीसी बंद करून पुन्हा सुरू करा, ती ऑर्डर शोधा.

पहिले पंधरा दिवस मावशींची वही चालूच राहू दे. रात्री दुकान बंद करताना वहीतली दिवसाची एकूण किलो मिरची आणि पडद्यावरची एकूण किलो मिरची यांचा मेळ त्यांनाच घालायला सांगा. फरक आला तर त्या रात्रीची डेटाबेस फाइल आहे तशी कॉपी करून ठेवा, आणि टेक्स्ट फाइलमधल्या शेवटच्या दहा ओळी मला इथेच टाका.